नोवोलिपकी 68: एका रहस्य कादंबरीच्या प्रकल्प नोंदी

4 मे 2024

वॉर्सा घेट्टोतील गुप्त दप्तरावरच्या, म्हणजे तिथे जमवलेल्या कागदपत्रांच्या संग्रहावरच्या, रहस्य कादंबरीचे काम आजपासून रीतसर सुरू केले आहे. पुढील काही महिने केलेल्या कामाची आणि घेतलेल्या निर्णयांची नोंद या वहीत ठेवीन. वाचन दोन वर्षांपासून चालू आहे. लेखनाचे मात्र एकही पान अजून झालेले नाही.

कादंबरी ज्या घटनेभोवती उभी राहणार आहे, तिचा गाभा आधी लिहून ठेवते. जर्मनांनी नोव्हेंबर 1940 मध्ये वॉर्सातील ज्यूंची वस्ती, म्हणजे घेट्टो, भिंत घालून बंद केली आणि सुमारे तीन चौरस किलोमीटरच्या जागेत चार लाखांहून अधिक माणसे कोंडली. त्याच महिन्यात इमानुएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराने विश्वासातील काही सहकाऱ्यांना एकत्र आणून घेट्टोतील जगण्याचा कागदोपत्री पुरावा जमवण्याचे काम संघटित केले. त्यांच्या बैठका शनिवारी होत, म्हणून गटाला ‘ओनेग शब्बात’, म्हणजे शब्बाथचा आनंद, असे कोणालाही संशय येऊ नये असे नाव मिळाले. कोकणातील बेने इस्राएल ही ज्यू मंडळी शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत आणि त्यावरून त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले जाई, हे ज्यांना ठाऊक आहे त्या मराठी वाचकांना या नावातील विसावा वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

या लोकांनी काय जमवले याची यादी करताना माझा हात वारंवार थांबला. निर्वासितांच्या जबान्या आणि भूमिगत वृत्तपत्रे जमवली जाणे अपेक्षितच होते. परंतु त्यांच्या शेजारी रेशनकार्डे, ट्रामची तिकिटे, मिठाईचे कागद आणि शाळकरी मुलांचे निबंधही आहेत. ऑगस्ट 1942 च्या सुरुवातीला पत्र्याच्या दहा पेट्या आणि फेब्रुवारी 1943 मध्ये दुधाचे दोन कॅन नोवोलिपकी रस्त्यावरील 68 क्रमांकाच्या शाळेच्या इमारतीखाली पुरले गेले. पेट्या 18 सप्टेंबर 1946 रोजी सापडल्या, कॅन 1 डिसेंबर 1950 रोजी. दोन्ही मिळून सुमारे 35,000 पाने हाती आली. या कामात गुंतलेल्या साठेक माणसांपैकी युद्धानंतर तिघे जिवंत होते: हेर्श वासर, त्यांच्या पत्नी ब्लुमा आणि राखेल आउएरबाख.

11 मे 2024

पहिला आराखडा आज रद्द केला. त्यात लेश्नो रस्त्यावरील एका घरात खून होता, चार संशयित होते आणि शेवटच्या प्रकरणात उलगडा होता. बेत म्हणून तो वाईट नव्हता, पण त्या जागेला तो शोभणारा नव्हता.

कारण नीट मांडून ठेवले नाही तर पुन्हा त्याच वाटेला जाईन, म्हणून लिहिते. नेहमीच्या रहस्यकथेत खून हा अपवाद असतो, खुनी लपलेला असतो आणि तो सापडला की विस्कटलेली घडी पुन्हा बसते. 22 जुलै 1942 रोजी वॉर्सात जे सुरू झाले त्यात हत्या हाच नियम होता. त्या दिवसापासून 21 सप्टेंबरपर्यंत सुमारे अडीच लाखांहून अधिक माणसे ‘उमश्लागप्लाट्स’ या मालधक्क्यावरून गाड्यांत भरून त्रेब्लिंकाला नेऊन मारली गेली. गुन्हेगार लपलेले नव्हते. त्यांचे फर्मान भिंतीवर चिकटवलेले होते. अशा ठिकाणी एका खासगी खुनाचा हुशारीने छडा लावणारा नायक उभा करणे म्हणजे बाकीच्या मृत्यूंना पार्श्वभूमीचा पडदा करणे होय, आणि तसे मला करायचे नाही.

मग प्रश्न राहतो तो हा, की रहस्य कशाचे? उत्तर त्या दप्तरातच आहे. जानेवारी 1942 मध्ये खेवम्नो येथील जर्मन मृत्युछावणीत मृतांचे खड्डे खणणाऱ्या तुकडीतून निसटलेला एक तरुण वॉर्सात पोहोचला. श्लामेक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या माणसाची जबानी हेर्श वासर यांनी नोंदवून घेतली आणि ती पोलिश भूमिगत संघटनेपर्यंत गेली. पुढे त्रेब्लिंकाहून पळून आलेल्या आब्राहाम क्शेपित्स्की यांची दीर्घ जबानी राखेल आउएरबाख यांनी लिहून काढली. साक्षीदाराला बसवून घेणे, त्याला तपशील विचारणे, त्याचे म्हणणे दुसऱ्या साक्षीशी ताडून पाहणे, प्रती करणे आणि त्या बाहेर पाठवणे, हे सारे करणारी माणसे शब्दशः तपासच करीत होती. प्रश्न एकच होता: नेलेल्या माणसांचे पुढे काय होते?

तेव्हा माझी नायिका गुप्तहेर नसेल. ती दप्तरासाठी काम करणारी नकलनवीस असेल. तिच्यापुढचे कोडेही प्रेताचे नसून कागदाचे असेल. एका जबानीच्या मूळ प्रतीतील एक पान पुरण्याच्या आदल्या आठवड्यात नाहीसे होते. ते पान तीन माणसांच्या हातांतून गेलेले आहे.

2 जून 2024

दोन दिवस नावांच्या उच्चारांत गेले. पोलिश लिपीतील रेघ मारलेला ‘ल’ बोलताना जवळजवळ ‘व’ होतो, त्यामुळे नकाशावर वाचून लिहिलेली माझी निम्मी नावे चुकीची निघाली. ठरवले ते असे: शहर ‘वॉर्सा’च राहील, कारण मराठी वाचक त्याला त्याच नावाने ओळखतो, रस्त्यांची नावे मात्र पोलिश उच्चारानुसार येतील, म्हणजे नोवोलिपकी, लेश्नो, ह्वोद्ना, श्वेंतोयेर्स्का. नायिका ज्या रस्त्यावर वाढली त्याचे नाव तिच्या तोंडी परक्यासारखे येऊन चालणार नाही.

याहून गंभीर अशा दोन चुका पहिल्याच प्रकरणात सापडल्या. मी नायिकेच्या छातीवर पिवळा तारा दिला होता. वॉर्सा जर्मनव्याप्त पोलंडच्या ज्या ‘जनरल गव्हर्नमेंट’ विभागात येत होते तिथे ज्यूंना डिसेंबर 1939 पासून उजव्या बाहीवर पांढरी पट्टी आणि तीवर निळा तारा अशी सक्ती होती. पिवळा तारा आपल्या मनात चित्रपटांमुळे बसला आहे आणि मी तो न तपासता वापरला.

दुसरी चूक कथानकालाच धक्का देणारी होती. घेट्टोचे लहान आणि मोठा असे दोन भाग जोडणारा ह्वोद्ना रस्त्यावरचा लाकडी पूल जानेवारी 1942 मध्ये उभा राहिला, तर माझी नायिका 1941 च्या शरद ऋतूत तो ओलांडत होती आणि एका पात्राचा ‘मी तेव्हा तिथे नव्हतो’ हा दावा त्याच पुलावर टेकला होता. पुलाआधी त्या चौकात फाटके होती आणि पहारेकरी ती उघडेपर्यंत लोकांना ताटकळत उभे राहावे लागे. प्रकरण पुन्हा लिहिले. फाटकापाशी ताटकळणे पुलावरून जाण्यापेक्षा कथेला अधिक उपयोगी पडले, कारण थांबलेली माणसे एकमेकांना पाहून ठेवतात.

16 जून 2024

आज प्रयोगाला सुरुवात केली. पहिल्या साठ्यातील पत्र्याच्या पेट्यांत पाणी शिरले आणि कागदांचे पुष्कळ नुकसान झाले. दुधाच्या कॅनमधील कागद त्या मानाने चांगले टिकले. हा फरक कादंबरीच्या उलगड्यात वापरायचा आहे, पण तो केवळ वाचून लिहिण्याचे धैर्य होईना. पाण्याने कोणते अक्षर जाते आणि कोणते राहते, हे मला माझ्या डोळ्यांनी पाहणे आवश्यक वाटले.

मामांच्या माळावरच्या शेतात दीड हात खोल दोन खड्डे घेतले. एकात झाकणाला सुतळी बांधलेला पत्र्याचा डबा ठेवला आणि दुसऱ्यात आमच्या गवळ्याकडून घेतलेला अॅल्युमिनियमचा जुना कॅन. दोन्हींत सारखेच कागद घातले: शाईच्या पेनाने लिहिलेली बारा पाने, शिसपेन्सिलीने लिहिलेली बारा, टाइपरायटरवर कार्बन लावून काढलेल्या बारा प्रती, आणि काही पानांना टाचण्या. कोल्हापूरची जमीन व वॉर्सातील तळघर यांची बरोबरी होत नाही, आणि चार वर्षांची बरोबरी एका पावसाळ्याशीही होत नाही, हे मला मान्य आहे. मामांनी खड्डा कशासाठी असे विचारले तेव्हा सगळे सांगितले. ते काही बोलले नाहीत, पण कॅनवर माती लोटताना त्यांनी फावडे बाजूला ठेवून हात वापरले.

7 जुलै 2024

संपादकांशी दीर्घ चर्चा झाली. मराठी वाचकाला जवळीक वाटावी म्हणून नायिका अखेरीस वळिवड्याच्या पोलिश छावणीत पोहोचावी, अशी त्यांची सूचना होती. मी कोल्हापूरची असल्यामुळे ही सूचना येणार याची मला कल्पना होती. वळिवड्याला 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, महावीर उद्यानातील स्मृतिस्तंभ मी लहानपणापासून पाहत आले आहे आणि त्या माणसांबद्दल या गावाला आजही आपुलकी आहे.

तरीही मी नकार दिला. वळिवड्यास आलेली बहुतेक माणसे पूर्व पोलंडमधून सोव्हिएत सत्तेने 1940 आणि 1941 मध्ये सैबेरियाकडे व मध्य आशियाकडे हद्दपार केलेली होती. इराणमार्गे ती भारतात आली. त्यांचे दुःख मोठे होते, पण त्यांचा रस्ता निराळा होता. वॉर्सा घेट्टोत 1942 च्या उन्हाळ्यात असलेल्या बाईला तिथून करवीर संस्थानात आणणे हा केवळ योगायोगाचा अतिरेक ठरला नसता. त्यामुळे दोन वेगळ्या अत्याचारांची एकच सरमिसळ वाचकाच्या मनात कायमची झाली असती. संपादकांनी हे ऐकून घेतले आणि सूचना मागे घेतली. त्यांचे मोठेपण असे, की पुढच्या भेटीत त्यांनीच याविषयीचा एक जुना लेख शोधून आणून दिला.

21 जुलै 2024

दोन प्रकरणे पूर्ण झाली. दोन्हींची जागा लेश्नो रस्त्यावरील 40 क्रमांकाचे सूप-केंद्र ही आहे, जे राखेल आउएरबाख चालवीत. अधिकृत रेशनवर माणसाला दिवसाला दोनशे कॅलरीही मिळत नसत, त्यामुळे ही सार्वजनिक स्वयंपाकघरे हाच अनेकांचा आधार होता. तिथे सर्व थरांतील माणसे येत आणि बोलत. दप्तरासाठी कान उघडे ठेवायला याहून योग्य जागा नव्हती. स्वयंपाकघरातले तपशील लिहिताना विशेषणे जवळजवळ सर्व काढून टाकली.

25 ऑगस्ट 2024

दोन्ही खड्डे उघडले. जुलैअखेरच्या मुसळधार पावसानंतर फारशी आशा ठेवली नव्हती.

डब्याचे झाकण सुतळी शाबूत असतानाही पाण्याला अडवू शकले नाही. आतले कागद एकमेकांना चिकटून एकच जड गठ्ठा झाला होता. तो सोडवायला दोन दिवस लागले. पेनाच्या शाईची बारा पाने निळसर डागांपलीकडे काहीच सांगत नाहीत. पेन्सिलीची अक्षरे जवळजवळ सर्व वाचता येतात, कारण पेन्सिलीतील ग्राफाइट पाण्यात विरघळत नाही. कार्बन प्रतीही बऱ्याच वाचता येतात, मात्र कागद फाटतो. टाचण्या गंजल्या असून जिथे त्या होत्या तिथे तांबूस व्रण उरले आहेत, आणि टाचणी ज्या दोन पानांमधून गेली होती त्या दोन्ही पानांवर ते व्रण तंतोतंत जुळतात. कॅनमधील कागद दमट झाले आहेत, कडांना किंचित बुरशी आहे, बाकी सर्व सुरक्षित आहे.

गंजाच्या व्रणाने मला कादंबरीची किल्ली दिली. एखादे पान काढून घेतले गेले असेल, तर त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या पानांवरची जुनी भोके एकमेकांशी जुळतील, पण व्रण त्या भोकांशी जुळणार नाहीत, कारण मधले पान काढल्यावर पाने पुन्हा टाचताना टाचणी जरा वेगळ्या जागी जाते. पान पुरण्यापूर्वी काढले की पेटी सापडल्यानंतर, हे यावरून सांगता येते. शिवाय माझी नकलनवीस शाई टाळून पेन्सिलीने लिहिते, ही तिची सवय आता स्वभावविशेष न राहता पुरावा ठरते. इतक्या दिवसांत जे टेबलाशी बसून सुचले नव्हते ते चिखलातून आले.

14 सप्टेंबर 2024

भिंतीवर कागद लावून ‘कोणाला काय ठाऊक’ याचा तक्ता तयार केला. रहस्यकथेत लेखक माहिती मुद्दाम विभागून ठेवतो. इथे ती विभागणी माझी नाही. गुप्ततेसाठी दप्तरातील बहुसंख्य सहकाऱ्यांना पुरण्याची जागा सांगितलेलीच नव्हती. लिहिणारा नकल करणाऱ्याला ओळखेलच असे नाही, आणि नकल करणारा पुरणाऱ्याला. युद्ध संपले तेव्हा जागा नेमकी ठाऊक असलेले हेर्श वासर जिवंत होते म्हणून पेट्या सापडल्या. ते जगले नसते तर सापडल्या असत्या का, हा विचार मी या तक्त्यापुढे उभी असताना टाळू शकले नाही. शिवाय तोवर जागा अशी काही उरलीच नव्हती: एप्रिल 1943 मध्ये सुरू झालेल्या घेट्टोतील उठावानंतर जर्मनांनी सारी वस्ती जमीनदोस्त केली होती आणि वासर यांना विटांच्या समुद्रात एका इमारतीचे तळघर ओळखायचे होते. हा कचरा इतका होता, की नंतरचा मुरानूव भाग त्या ढिगाऱ्यांवरच, त्याच्याच विटांचा चुरा वापरून बांधला गेला.

खोट्या मागासाठी लेश्नो 13 येथील गटाचा विचार केला होता. आब्राहाम गान्त्सवाइख यांचा हा गट जर्मनांच्या सेवेत होता आणि लोक त्याला नुसते ‘तेरा’ म्हणत. पण तो 1941 च्या उन्हाळ्यातच विसर्जित झाला होता, त्यामुळे 1942 च्या जुलैत ‘तेरा’चा माणूस म्हणून कोणी दार ठोठावू शकत नाही. ‘पूर्वी तेरामध्ये होता’ अशी कुजबुज मात्र एखाद्याभोवती राहू शकते. ती कुजबुज खोटी ठरते, आणि ती पसरवणाऱ्यांत नायिकाही असते. हे प्रकरण तिला क्षमा न करता लिहायचे आहे.

उलगडाही आज निश्चित झाला. पान चोरणारा दगाबाज नाही. त्या पानावर भिंतीपलीकडे खोट्या कागदपत्रांवर राहणाऱ्या एका मुलीचे नाव आणि पत्ता होता. दप्तर जर्मनांच्या हाती लागले असते तर त्या नावाचा अर्थ मृत्यू होता. इतिहासासाठी सर्व जपायचे, की एका जिवंत माणसासाठी एक पान नष्ट करायचे, या दोन प्रामाणिक कर्तव्यांमधला हा संघर्ष आहे, आणि दोन्ही बाजूंची माणसे एकाच तळघरात काम करीत आहेत.

3 ऑक्टोबर 2024

पेट्या पुरण्याचे प्रकरण लिहिले, फाडले, पुन्हा लिहिले. प्रत्यक्षात हे काम शिक्षक इस्राएल लिख्टेनश्टाइन आणि त्यांचे दोन विद्यार्थी दाविद ग्राबेर व नाखुम ग्झिवाच यांनी केले. दोघेही वयाच्या विशीत पोहोचलेले नव्हते. तिघांनीही पेट्यांमध्ये आपापले मृत्युपत्र ठेवले, आणि ते आपल्याजवळ आहे. ग्राबेरने लिहिले, की जे आम्ही जगाला ओरडून सांगू शकलो नाही ते जमिनीत पुरले. ग्झिवाच आई-वडील सुखरूप आहेत का हे पाहायला धावत जातो आहे असे लिहितो आणि आपले नाव लक्षात ठेवा असे सांगतो.

माझ्या पहिल्या मसुद्यात या दोघांना मी संवाद दिले होते. ते वाचल्यावर लाज वाटली. त्यांनी स्वतः निवडलेले शब्द जगासमोर असताना माझे शब्द त्यांच्या तोंडी घालण्याचा मला अधिकार नाही. तेव्हापासून नियम केला आहे: इतिहासातील खरी माणसे कादंबरीत दिसतील, चालतील, काम करतील, पण त्यांच्या तोंडी तेच येईल जे त्यांनी लिहून ठेवले आहे. रिंगेलब्लुम फक्त दोनदा येतात, दोन्ही वेळा दुरून, जिन्यात. कल्पित माणसांवर हे बंधन नाही, म्हणून पान काढणारा माणूस पूर्णतः कल्पित ठेवला.

या नियमामुळे प्रकरण बारा पानांवरून पाचांवर आले. तीन माणसे खणत आहेत, शेजारच्या रस्त्याला वेढा पडला आहे आणि वर दाराशी उभी असलेली नकलनवीस आवाज मोजते आहे; याहून अधिक काही त्यात नाही.

20 ऑक्टोबर 2024

शेवट कसा करायचा हा प्रश्न उरला होता. दप्तराचा तिसरा भाग एप्रिल 1943 मध्ये, उठावाच्या तोंडावर, श्वेंतोयेर्स्का 34 येथील ब्रश कारखान्याच्या आवारात पुरला गेला असे मानले जाते. तो आजतागायत सापडलेला नाही. त्या परिसरात आता चीनचा दूतावास आहे. रहस्य कादंबरी लिहिणाऱ्याला याहून मोठा मोह असू शकत नाही. मित्रमंडळींपैकी तिघांनी स्वतंत्रपणे सुचवले, की तिसरा भाग कादंबरीत सापडू दे आणि हरवलेले पान त्यात निघू दे.

मी तसे करणार नाही. जे खरोखर सापडलेले नाही ते कथेत शोधून काढले, तर पुस्तक मिटताना वाचकाच्या मनात ते सापडल्याचे समाधान राहील, आणि ते समाधान खोटे असेल. कादंबरी 1 डिसेंबर 1950 ला संपते. बांधकाम करणाऱ्या मजुरांना दोन कॅन लागतात, झाकणे उघडली जातात, कागद मोजले जातात. पान कोणी काढले आणि का काढले हे वाचकाला तोवर कळलेले असते. पान मिळत नाही. ज्या मुलीसाठी ते काढले गेले ती जगली का, हेही कथेतील कोणाला कळत नाही.

9 नोव्हेंबर 2024

पूर्ण मसुदा आज संपादकांकडे पाठवला. एकवीस प्रकरणे झाली आहेत. उच्चारांची सूची अजून तपासायची आहे आणि सातव्या प्रकरणातील तारखा पुन्हा एकदा दिनदर्शिकेशी ताडायच्या आहेत.

पात्रयादी दोन पानांवर केली. पहिल्या पानावर कल्पित माणसे आहेत, दुसऱ्यावर खरी. दुसऱ्या पानावरील एका नावाबद्दल संपादकांनी फोनवर विचारले, कारण ते कथानकात कुठेच येत नाही. लिख्टेनश्टाइन आणि त्यांच्या पत्नी, चित्रकार गेला सेक्श्टाइन, यांची मुलगी मार्गोलित तेव्हा वीस महिन्यांची होती. आईने आपली शेकडो चित्रे त्या पेट्यांत ठेवली, आणि वडिलांनी मृत्युपत्रात आपल्या मुलीची आठवण ठेवली जावी एवढे मागितले. ते नाव तिथेच राहू द्यावे असे मी त्यांना कळवले आहे.